बॉम्ब उतरवले, पडदे लावले

खिडक्यांना लेसचे पडदे. महोगनी लाकडाचं काम. तांब्याची चकचकीत फिटिंग्ज. चहासाठी नाजूक चिनी मातीचे कप. डोळ्यांसमोर काय आलं? दार्जिलिंगचं एखादं जुनं हॉटेल? फोर्टमधला एखादा जुना क्लब? चक्क चूक. हे विमान आहे. तेही जेट, ताशी ८०० किलोमीटरच्या आसपास उडणारं, १९५६ मधलं!

आता पडद्यांकडे पाहणं सोडा आणि विमानाच्या पुढच्या टोकाला चला. कॉकपिटच्याही पुढे, नाकाच्या शेंड्यावर एक काचेची खोली आहे. तिथे नॅव्हिगेटर बसायचा. पॅसेंजर विमानाला असलं काचेचं नाक कशाला हवं? नकोच असतं. पण ह्या विमानाचा जन्म पॅसेंजरसाठी झालाच नव्हता. त्याचे पंख, इंजिनं, शेपटी, चाकं सगळं आलं होतं एका बॉम्बरकडून. नाव तुपोलेव्ह टीयू-१०४. मुक्काम पोस्ट सोव्हिएत युनियन.

आधीच सांगून टाकते, मी एव्हिएशन गीक वगैरे अजिबात नाही. विमानाशी माझं नातं म्हणजे वेब चेक-इन, विंडो सीटसाठी तडफड आणि गार सँडविचसाठी मोजलेले अव्वाच्या सव्वा पैसे. टीयू-१०४ मला भेटलं ते रात्री दीड वाजता, भलत्याच स्टोरीसाठी भलतंच काही शोधताना. एका पायलटबद्दल दोन परिच्छेद वाचले आणि झोप उडाली ती उडालीच. त्या पायलटकडे येतेच, पण आधी त्याच्या विमानाची गोष्ट.

लाँच डेट आधी, प्रॉडक्ट नंतर

बॉम्बरचं पॅसेंजर विमान करणं ही काही रशियनांचीच आयडिया नव्हे. दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा सगळ्यांनीच हा जुगाड केला. ब्रिटिशांच्या लँकेस्टर बॉम्बरचं लँकेस्ट्रियन झालं. अमेरिकेच्या बी-२९ च्या घराण्यातून बोइंगचं दुमजली स्ट्रॅटोक्रुझर आलं. आणि वेलिंग्टन बॉम्बरचे पंख घेऊन व्हिकर्स कंपनीने दोन इंजिनांचं 'व्हायकिंग' बनवलं, जे आपल्याकडेही उडायचं. इंडियन नॅशनल एअरवेजच्या ताफ्यात व्हायकिंग्ज होती. १९५३ मध्ये विमान कंपन्यांचं राष्ट्रीयीकरण झालं तेव्हा ती इंडियन एअरलाइन्सकडे आली. म्हणजे आपल्या आजी-आजोबांपैकी एखाद्याने नकळत बॉम्बरच्या पंखांवर बसून दिल्ली गाठली असेल.

पण ही सगळी पंख्याची, म्हणजे प्रोपेलरची विमानं. जेटचं प्रकरण वेगळं. १९५२ च्या मे महिन्यात ब्रिटनने 'कॉमेट' आणलं, जगातलं पहिलं पॅसेंजर जेट. काय दिसायचं! काय उडायचं! आणि बरोब्बर एका वर्षाने, २ मे १९५३ ला, कलकत्त्याहून उडालेलं एक कॉमेट वादळात सापडून कोसळलं. ४३ माणसं गेली. मग १९५४ च्या जानेवारीत आणि एप्रिलमध्ये आणखी दोन कॉमेट भूमध्य समुद्रावर हवेतच फुटली. वर जाताना केबिनमध्ये हवेचा दाब वाढवायचा, खाली येताना कमी करायचा, हे पुन्हा पुन्हा होऊन धातू थकत होता. सगळी कॉमेट जमिनीवर आली. जेटच्या बाजारात अचानक सगळीच जागा रिकामी!

ही रिकामी जागा आंद्रेई तुपोलेव्ह ह्या माणसाने हेरली. ह्याचं करिअर म्हणजे सिनेमाच. स्टॅलिनच्या काळात १९३७ मध्ये अटक झाली आणि कैदेत असतानाच त्याने विमानाचं डिझाइन केलं. (आपण एसी बिघडला तरी काम थांबवतो!) १९५० च्या दशकात त्याच्या हाताशी टीयू-१६ नावाचा जेट बॉम्बर तयार होता. दोन राक्षसी इंजिनं, मागे वळलेले पंख, १९५२ मध्ये पहिलं उड्डाण. त्याचं म्हणणं साधं होतं. नवं जेट शून्यापासून बनवायला वर्षानुवर्षं लागतील. बॉम्बरचं मशीन तपासून झालंय, कारखाने तयार आहेत, मेकॅनिकना ते खोलता-जोडता येतं, पायलटना उडवता येतं. त्याचा सांगाडा घ्या, बॉम्ब ठेवायच्या जागी माणसं बसवा. १९५४ च्या जूनमध्ये सरकारचा हिरवा कंदील मिळाला.

अर्थात नुसत्या खुर्च्या ठोकून भागणार नव्हतं. बॉम्बरचं पोट अरुंद, त्यात रांगा बसणार कशा? म्हणून मधला भाग नवा, रुंद आणि हवेचा दाब धरणारा बनवला. बॉम्बरचे पंख पोटाच्या मधोमध होते, ते खाली आणले. कॉमेटचा धडाही नीट गिरवला. अख्खा सांगाडा पाण्याच्या टाकीत घालून, दाब कमी-जास्त करून छळून पाहिला आणि पत्रा जाड ठेवला. ह्या बाबतीत रशियनांना पूर्ण मार्क.

१७ जून १९५५ ला पहिलं उड्डाण झालं. पुढच्याच महिन्यात जिनिव्हाला महासत्तांची शिखर परिषद होती. अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर आले चार इंजिनांच्या ऐटबाज विमानातून, आणि सोव्हिएत नेते निकिता क्रुश्चेव्ह उतरले दोन पंख्यांच्या इल्युशिनमधून. आपल्याला फार ओशाळल्यासारखं झालं, असं क्रुश्चेव्ह यांनी पुढे आठवणींमध्ये सांगितलंय. क्लायंट मीटिंगला सगळे गाड्यांतून आलेत आणि आपण शेअर रिक्षातून उतरतोय, हे फीलिंग ज्यांना माहितीये त्यांना जास्त सांगायला नको.

भरपाई झाली २२ मार्च १९५६ ला. लंडनच्या हीथ्रो विमानतळावर न भूतो असं एक चंदेरी जेट उतरलं. आत होते केजीबीचे प्रमुख इव्हान सेरोव्ह. क्रुश्चेव्ह यांच्या आगामी ब्रिटन दौऱ्याची सुरक्षाव्यवस्था बघायला आले होते. पण सेरोव्हकडे बघायला वेळ कोणाला होता? रशियनांकडे जेट आहे आणि ते उडतंय, हा धक्काच पाश्चात्त्य पत्रकारांना पचेना. गंमत म्हणजे एप्रिलमध्ये क्रुश्चेव्ह स्वतः आले ते मात्र बोटीने.

१५ सप्टेंबर १९५६. मॉस्को ते इर्कुत्स्क, वाटेत ओम्स्कचा थांबा. नियमित सेवा सुरू. आधी ह्या प्रवासाला जवळपास १४ तास लागायचे, ते आले पावणेआठच्या खाली. तेव्हापासून १९५८ च्या ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे कॉमेटची सुधारलेली आवृत्ती आणि बोइंग ७०७ येईपर्यंत, नियमित पॅसेंजर सेवा देणारं जगातलं एकमेव जेट म्हणजे टीयू-१०४. विचार करा, आज ज्याला आपण विमानप्रवास म्हणतो तो सुरुवातीला जगात एकाच एअरलाइनकडे मिळत होता, आणि ती होती एअरोफ्लोत!

स्वभावाला औषध नसतं

सुरुवातीला ५० प्रवासी बसायचे, मग ७०, मग १००. पडदे बदलले, खुर्च्या वाढल्या, पण खालचं मशीन बॉम्बरचंच राहिलं. उतरताना त्याचा वेग जबरदस्त असायचा. आज लँडिंगनंतर इंजिनं जोरात घोंघावतात आणि आपण पुढे ढकलले जातो, ती उलट्या झोताने थांबायची सोय ह्यात नव्हती. मग काय? शेपटीतून पॅराशूट सोडायचे. हो, खरंच! धावपट्टीवर विमान धावतंय आणि मागे फुगलेले पॅराशूट. फायटर विमानाला शोभणारी ही गोष्ट लेसच्या पडद्यांच्या विमानालाही करावी लागायची.

पण खरा प्रॉब्लेम वर होता, फार वर.

हे कळून घ्यायला मी माझ्या मामेभावाला गाठलं. तो एअरबस उडवतो. आठवड्यातून एक सकाळ घरी सापडतो, तीही पोह्यांच्या वेळेला.

"दादा, विमान नको तितकं उंच गेलं तर काय होतं?"

"तू परत काहीतरी लिहितेयस ना?" त्याने प्लेट खाली ठेवली. "हे बघ. सायकल एकदम हळू चालवलीस तर पडतेस की नाही? विमानाचंही तसंच. ठरावीक वेगाच्या खाली गेलं की पंख त्याला उचलून धरू शकत नाहीत. वर हवा विरळ, म्हणून हा खालचा आकडा वाढत जातो. आता दुसरी बाजू. आवाजाच्या वेगाच्या जवळ गेलं की पंखांवरून जाणारी हवा बिघडते, म्हणजे वरही एक मर्यादा आहे. वर जाशील तसतशा ह्या दोन्ही मर्यादा एकमेकींच्या जवळ येतात. शेवटी मध्ये एवढीशी फट राहते." त्याने बोटांची चिमूट करून दाखवली. "आम्ही तिला कॉफिन कॉर्नर म्हणतो."

छान नाव. पोहे घशाखाली उतरेनात.

"आणि त्या फटीत असताना खालून वाऱ्याचा लोट आला तर?"

"आता आम्ही तिथे जातच नाही. कॉम्प्युटर जाऊ देत नाही, ट्रेनिंग जाऊ देत नाही. पण तेव्हाचं विमान असेल, मागे वळलेले पंख असतील, तर पंखांची टोकं आधी हार मानतात. मग नाक आणखी वर उचललं जातं. पायलट दांडा पुढे ढकलतो, पण शेपटीत नाक खाली आणण्याइतकी ताकदच नसेल तर..." पुढे तो बोलला नाही. वहिनीने चहा आणला आणि विषय मुलाच्या अॅडमिशनवर गेला.

टीयू-१०४ मध्ये नेमकं हेच होतं. ह्या उंचीवर प्रवासी घेऊन रोज उडण्याचा अनुभव जगात फारसा कोणाला नव्हता. तिथे वाऱ्याचे किती मोठे लोट उठतात हेही पुरतं माहीत नव्हतं. बॉम्बरचे मूठभर पायलट लष्करी शिस्तीत उडत. पॅसेंजर विमान मात्र टाइमटेबलवर उडतं. पाऊस असो, वादळ असो, सोमवारची फ्लाइट सोमवारीच.

१५ ऑगस्ट १९५८ ला खाबारोव्स्कहून इर्कुत्स्कला निघालेलं एक टीयू-१०४ असंच वर फेकलं गेलं आणि कोसळलं. विमानातले सगळे, ६४ जण, गेले. वर नेमकं काय झालं, विमान कसं वागलं, पायलटने काय केलं, हे सांगायला कोणी उरलं नव्हतं. कॉकपिटमधलं बोलणं टिपून ठेवणारा आजच्यासारखा ब्लॅक बॉक्स तेव्हा नव्हता. विमानं उडत राहिली.

दोन मिनिटं

आता तो पायलट. हॅरॉल्ड कुझ्नेत्सोव्ह.

१७ ऑक्टोबर १९५८. बीजिंगहून मॉस्कोला येणारं टीयू-१०४. आत ८० माणसं, त्यात परदेशी पाहुणे बरेच. एक चिनी सांस्कृतिक शिष्टमंडळ होतं. त्याचे प्रमुख होते झेंग झेनदुओ, चीनचे सांस्कृतिक खात्याचे उपमंत्री आणि मोठे साहित्यिक. रवींद्रनाथ टागोरांचं 'स्ट्रे बर्ड्स' चिनी भाषेत नेलं ते ह्यांनीच, १९२२ मध्ये. टागोर चीनला गेले त्याच्याही दोन वर्षं आधी. अफगाणिस्तान आणि इजिप्तच्या दौऱ्यावर निघालेला हा माणूस त्या संध्याकाळी लेसच्या पडद्याशेजारी बसला होता.

मॉस्कोत हवा खराब. विमानाला माघारी स्वेर्दलोव्स्कला जायला सांगितलं. कनाश नावाच्या गावाजवळ, साधारण १०,००० मीटरवर वळण घेत असतानाच वाऱ्याच्या प्रचंड लोटाने विमान उचललं. नाक वर, आणखी वर. मग वेग संपला आणि विमान उलटून खाली सुटलं.

कुझ्नेत्सोव्ह आणि त्याच्या सहकाऱ्याने कंट्रोल्स पूर्ण पुढे ढकलून धरले. काही होईना. खाली पोहोचायला साधारण दोन मिनिटं होती. ह्या दोन मिनिटांत तुम्ही काय कराल? मी काय करीन ते मला माहितीये. टर्ब्युलन्समध्ये सीटबेल्टचा दिवा लागला तरी मी शेजारच्या अनोळखी माणसाच्या बाजूचा आर्मरेस्टही सोडत नाही.

कुझ्नेत्सोव्हने रेडिओ चालू ठेवायला सांगितला आणि तो बोलत राहिला. विमान कसं वर गेलं, नाक कसं उचललं गेलं, कंट्रोल्स पूर्ण ढकलूनही ते कसं ऐकत नाहीये, कसं पडतंय. एकेक गोष्ट. आपलं नशीब, आपलं घर ह्यावर नाही, विमानाच्या वागणुकीवर. सगळ्यात शेवटी त्याने निरोप घेतला.

सगळे ८० जण गेले.

पण ह्या वेळी खाली जमिनीवर काहीतरी पोहोचलं होतं. कुझ्नेत्सोव्हच्या बोलण्यावरून इंजिनिअर्सना दिसलं की विमान वर फेकलं गेल्यावर शेपटी त्याला परत खाली वळवायला कमी पडतेय. मग बदल झाले. शेपटीच्या आडव्या पंखाचा कोन कमी केला. नाक खाली आणणारा भाग जास्त फिरेल अशी सोय केली. उडायच्या उंचीला कमाल मर्यादा घातली. वजन पुढे-मागे किती चालेल ह्याचे नियम कडक केले. टीयू-१०४ त्यानंतरही अनेक कारणांनी पडली, पण असं आकाशात नाक वर करून पडणं थांबलं.

मला राहून राहून एकच वाटतं. ऑगस्ट ते ऑक्टोबर. दोन महिने. ६४ माणसं गेल्यानंतर ह्या विमानांना जमिनीवर ठेवलं असतं तर? ब्रिटिशांनीही कॉमेटच्या बाबतीत घाई केली होतीच. १९५४ च्या जानेवारीतल्या अपघातानंतर थांबवलेली विमानं त्यांनी कारण सापडायच्या आतच पुन्हा उडवली, आणि एप्रिलमध्ये पुढचं पडलं. म्हणजे हा कम्युनिझम-कॅपिटलिझमचा फरक नाही. पण नंतर ब्रिटिशांनी समुद्राच्या तळातून तुकडे गोळा केले, खुली चौकशी केली, सगळ्या जगासमोर आपली लाज मांडली, आणि त्यातून जगभरच्या विमानांच्या खिडक्या-दारांचं डिझाइन सुधारलं. सोव्हिएत युनियनमध्ये देशातल्या अपघातांच्या बातम्या सहसा छापल्याच जात नसत. इर्कुत्स्कला निघालेल्या माणसाला तिकीट काढताना माहीतच नसायचं की गेल्या महिन्यात काय झालं.

बातमी छापली नाही म्हणून लोकांना कळत नाही असं थोडंच असतं? टीयू-१०४ वर लोकांनी एक उपरोधिक गाणं रचलं. चाल कोणती? शोपँच्या अंत्ययात्रेच्या संगीताची! शाळकरी पोरंसुद्धा ते म्हणायची. सेन्सॉर बसवणाऱ्यांना ही गोष्ट कधी कळत नाही.

धाकटं भावंड आणि आपले मोरारजीभाई

टीयू-१०४ छोट्या विमानतळांना झेपेना, म्हणून तुपोलेव्हने त्याची छोटी आवृत्ती काढली. टीयू-१२४. चेहरा तोच, काचेचं नाक तेच, पंखांच्या मुळाशी दोन इंजिनं तशीच. जणू मोठ्याचे कपडे अल्टर करून धाकट्याला घातले. १९६२ मध्ये हे सेवेत आलं.

ह्या धाकट्याच्या दोन गोष्टी सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही.

पहिली लेनिनग्राडची, म्हणजे आजच्या सेंट पीटर्सबर्गची. २१ ऑगस्ट १९६३. टालिनहून मॉस्कोला निघालेल्या टीयू-१२४ चं पुढचं चाक अर्धवट अडकलं. लेनिनग्राडकडे वळवलं. चाक सोडवायच्या खटपटीत शहरावर घिरट्या घालता घालता इंधन संपलं आणि इंजिनं बंद पडली. खाली भरवस्तीचं शहर. कॅप्टन व्हिक्टर मोस्तोव्होय यांनी विमान पुलांवरून नेऊन थेट नेवा नदीत उतरवलं. एका टगबोटीने ते किनाऱ्याला ओढून नेलं. ५२ जण, सगळे सुखरूप! २००९ मध्ये न्यूयॉर्कच्या हडसन नदीत विमान उतरलं तेव्हा जगभर कौतुक झालं, टॉम हँक्सला घेऊन सिनेमा आला. मोस्तोव्होय यांचं नाव आपल्यापैकी किती जणांनी ऐकलंय?

दुसरी गोष्ट आपल्या घरची. भारतीय हवाई दलाने व्हीआयपींसाठी टीयू-१२४ घेतली होती. त्यातल्या एकाचं नाव 'पुष्पक'. ४ नोव्हेंबर १९७७ ला ह्याच विमानातून पंतप्रधान मोरारजी देसाई आसाममधल्या जोरहाटला निघाले होते. हो, तेच मोरारजी, ज्यांचं नाव संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनामुळे आपल्या आजोबांच्या पिढीने फारसं प्रेमाने कधी घेतलं नाही. रात्रीच्या अंधारात जोरहाटजवळ उतरताना विमान टेकेलागाव नावाच्या खेड्याशी शेतात कोसळलं. पुढचा कॉकपिटचा भाग तुटला. हवाई दलाचे पाच कर्मचारी जागीच गेले. मागे बसलेले ८१ वर्षांचे मोरारजी बाहेर पडले, फारशी इजा न होता. त्यांचे चिरंजीव कांतीभाईही वाचले.

गावकरी धावून आले, जखमींना बाहेर काढलं. पंतप्रधान वाचले ही देशभर हेडलाइन झाली. पुढच्या टोकाला, जिथे मूळ बॉम्बरमध्ये नॅव्हिगेटरची काचेची खोली होती आणि पहिला मार जिथे बसतो, तिथल्या पाच जणांची नावं आज पटकन कोणाला आठवत नाहीत. पायलट होते विंग कमांडर क्लॅरेन्स डिलिमा.

निवृत्तीही धडाक्यात

मोठा भाऊ तोपर्यंत म्हातारा झाला होता. जवळपास २०० बनलेल्या टीयू-१०४ पैकी ३७ अपघातांत गेली. आकडा भयंकर आहे, ह्यात वाद नाही. पण त्या काळात कॉमेटचाही रेकॉर्ड काही मिरवण्यासारखा नव्हता. अख्ख्या जगाने जेट उडवायला शिकण्याची फी भरली, काहींनी जास्त भरली.

१७ मार्च १९७९ ला मॉस्कोच्या व्नुकोव्हो विमानतळाजवळ एक टीयू-१०४ कोसळलं, ५८ जण गेले. त्याच वर्षी एअरोफ्लोतने ही विमानं प्रवाशांसाठी बंद केली. लष्कराने मात्र काही ठेवली. कशाला ठेवली, असं विचारायला हवं होतं. ७ फेब्रुवारी १९८१ ला लेनिनग्राडजवळच्या पुश्किन विमानतळावरून नौदलाचं टीयू-१०४ उडालं आणि काही सेकंदांत पाठीवर आपटलं. आत सोव्हिएत पॅसिफिक फ्लीटचे वरिष्ठ अधिकारी होते. मीटिंग आटोपून परत निघाले होते. ५० जण गेले, त्यातले १६ अॅडमिरल आणि जनरल. कारण? सामान. राजधानीच्या बाजूला आलोच आहोत तर घेऊन जाऊ म्हणून भरलेलं सामान, कागदाची जड रिळं. टेक-ऑफच्या वेळी वजन मागे सरकलं आणि शेपूट जड झाली. दिवाळीत गावाहून येताना डिकी बंद होत नाही तरी आपण आणखी एक पिशवी कोंबतो, तसंच. कुझ्नेत्सोव्हच्या अपघातानंतर वजन कुठे ठेवायचं ह्याचे नियम कडक झाले होते ना? २३ वर्षांनी तेच नियम कोणीतरी धाब्यावर बसवले.

शेवटचं उड्डाण झालं १९८६ च्या नोव्हेंबरमध्ये, उल्यानोव्स्कच्या म्युझियमकडे. ज्याचे पंख उसने घेतले होते तो बॉम्बर मात्र अजून पुरता रिटायर झालेला नाही. टीयू-१६ चीनने लायसन्सवर बनवायला घेतला, त्याला 'एच-६' म्हणतात, आणि त्याच्या नव्या आवृत्त्या चीनचं हवाई दल आजही उडवतं. तैवानच्या बातम्यांमध्ये चिनी बॉम्बरचा फोटो दिसला तर नीट बघा, पंखांच्या मुळाशी दोन जाडजूड इंजिनं दिसतील. ओळखीचा चेहरा आहे तो.

टीयू-१०४ प्रत्यक्ष बघायचंय? रशियापर्यंत जायची गरज नाही. सोव्हिएत युनियनबाहेर ही विमानं नियमित चालवणारी एकच एअरलाइन होती, चेकोस्लोव्हाकियाची सीएसए. तिची टीयू-१०४ साठच्या दशकात आपल्या मुंबईपर्यंत यायची. त्या ताफ्यातलं एक आज प्रागच्या उत्तर भागातल्या केबेली एव्हिएशन म्युझियममध्ये आहे. प्रागला ऑनसाइट गेलेला एखादा मित्र प्रत्येक ग्रुपमध्ये असतोच, त्याला पाठवा. म्युझियम उन्हाळ्यात उघडं असतं आणि तिकीट नाही. कॅसल, ब्रिज, बिअर झालं की मेट्रोने बाहेरच्या भागात जायचं, तिथून बस. विमान शोधायला त्रास होणार नाही. रांगेत सगळ्यात पुढे जायचं आणि काचेचं नाक बघायचं.